मूत्राशयाच्या गाठीला काय विचारायचं?

पुण्यात ज्या घरात कॅन्सरचा उपचार चालू आहे, त्या घराच्या कपाटात कधीकधी एक मेणाचा ठोकळा असतो. प्लॅस्टिकच्या छोट्या जाळीदार कॅसेटवर बसवलेलं पांढरट मेण, त्यात बुडालेले करडे-तांबूस कण आणि कॅसेटच्या तिरक्या कडेवर घातलेला नंबर. लॅबमध्ये त्याला नुसतं 'ब्लॉक' म्हणतात. दुसरं मत घ्यायला परळला टाटा मेमोरियलमध्ये जायचं ठरलं, की इथल्या हॉस्पिटलात अर्ज करायचा, ब्लॉक आणि स्लाइड ताब्यात घ्यायच्या, कापसात गुंडाळायच्या आणि सकाळची गाडी पकडायची. हे अनेक कुटुंबांना तोंडपाठ झालेलं असतं. पण त्या ठोकळ्यातून नेमकं काय कळतं आणि काय कळत नाही, हे त्यांना कुणी बसून सांगितलेलं नसतं. मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये तर ते समजून घेणं फारच गरजेचं आहे. या आजारात ऊतींवरच्या खुणांचं, म्हणजे मार्करचं, संशोधन उदंड झालं. त्यातलं उपयोगी पडलं ते थोडं. जे उपयोगी पडलं, ते मात्र उपचाराची दिशाच बदलून टाकतं.

आधी आजाराविषयी थोडं. लघवीतून रक्त जातं, पण दुखत काहीच नाही, ही या कॅन्सरची नेहमीची सुरुवात. दुखत नाही म्हणून माणूस थांबतो. 'उष्णता झाली असेल' म्हणत जिऱ्याचं पाणी, सब्जा सुरू होतो. रक्त आपोआप थांबतंही, आणि मग महिनेच्या महिने निघून जातात. २०२१ साली दिग्दर्शक-अभिनेते महेश मांजरेकर यांना हाच कॅन्सर झाल्याचं निदान झालं. शस्त्रक्रियेतून बरे झाल्यावर ते त्याविषयी उघडपणे बोलले. मराठी घरांत या आजाराचं नाव उच्चारलं जाऊ लागलं, ते बऱ्याच अंशी त्यानंतर. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार जगभरात वर्षाला सहा लाखांहून जास्त लोकांना हा कॅन्सर होतो. पुरुषांत त्याचं प्रमाण स्त्रियांच्या तीन-चार पट आहे. सर्वांत मोठं कारण तंबाखूचा धूर. बिडीही त्यातच आली. धुरातली घातक रसायनं रक्तातून मूत्रपिंडात आणि तिथून लघवीत उतरतात. मग मूत्राशयाचं अस्तर तासन् तास त्यात भिजत राहतं. रंगाच्या कारखान्यांतल्या कामगारांना हा आजार होतो, हे लुडविग रेन या जर्मन सर्जननं १८९५ सालीच दाखवून दिलं होतं.

गाठ दिसली, की मूत्रमार्गातून दुर्बीण घालून ती खरवडून काढतात. या ऑपरेशनला टीयूआरबीटी म्हणतात. गाठ अखंड निघत नाही. तिच्या चकत्या निघतात, आणि डॉक्टर त्यांना 'चिप्स' म्हणतात. चिप्स लगेच दहा टक्के फॉर्मॅलिनमध्ये पडायला हव्यात आणि द्रव तुकड्यांच्या किमान दहा पट हवा. मी हे मुद्दाम लिहितोय. पुढचे सगळे महागडे मार्कर या पहिल्या बाटलीवर उभे असतात. बाटलीत सलाइन भरलेलं असेल किंवा तुकडे तासन् तास कोरडे पडून राहिले असतील, तर पेशी सडू लागतात आणि मग कुठलाही रंग खरं बोलत नाही. फॉर्मॅलिनमधून निघालेले तुकडे अल्कोहोल आणि झायलीनमधून जाऊन मेणात बसतात. त्यातून तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप निघतात, आणि हिमॅटॉक्सिलिन-इओसिन हा जुना निळा-गुलाबी रंग लावून स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली जाते.

या साध्या स्लाइडमध्ये पॅथॉलॉजिस्ट आधी दोन गोष्टी शोधतात: पेशी किती उच्छृंखल दिसतात, म्हणजे ग्रेड, आणि त्या किती खोल घुसल्या आहेत, म्हणजे स्टेज. अस्तरापुरती मर्यादित गाठ म्हणजे टीए. अस्तराखालच्या नाजूक थरात उतरलेली टी१. मूत्राशयाच्या जाड स्नायूत, म्हणजे डिट्रूसरमध्ये, घुसलेली टी२. टी१ आणि टी२ यांमधली रेघ रुग्णाच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी रेघ आहे. तिच्या अलीकडे मूत्राशय वाचवून उपचार करता येतात. पलीकडे मूत्राशय काढून टाकण्याची, नाहीतर केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देण्याची भाषा सुरू होते. सुमारे तीन-चतुर्थांश रुग्ण सुदैवानं अलीकडच्या बाजूला सापडतात.

आता अडचण अशी, की चिप्समध्ये स्नायूच आला नसेल तर ही रेघ दिसतच नाही. म्हणून रिपोर्टमधलं सगळ्यात मोलाचं वाक्य पुष्कळदा कुठल्याही मार्करचं नसतं. नमुन्यात डिट्रूसर स्नायू आहे की नाही, हे सांगणारं ते वाक्य असतं. नसेल, किंवा गाठ टी१ असेल, तर दोन ते सहा आठवड्यांत पुन्हा दुर्बीण घालून तीच जागा खरवडतात. घरच्यांना वाटतं, पहिलं ऑपरेशन फसलं. तसं नसतं. या आजाराच्या उपचारातली ती ठरलेली पायरी आहे.

त्यातही एक खोच आहे. अस्तराखालच्या नाजूक थरातही स्नायूच्या बारीक विस्कळीत काड्या असतात. शरीररचनाशास्त्रज्ञ डिक्सन आणि गॉसलिंग यांनी त्यांचं नीट वर्णन केलं ते १९८३ साली, म्हणजे अगदी अलीकडे. त्या काड्यांना चुकून डिट्रूसर समजलं, तर टी१ ची टी२ होते आणि माणूस विनाकारण मूत्राशय गमावू शकतो. हा फरक दाखवायला स्मूथेलिन नावाच्या प्रथिनाचा मार्कर आला. जाड स्नायूत तो गडद येतो, काड्यांत फिका. कागदावर फार सुंदर. प्रत्यक्षात दोन्हींच्या रंगछटा एकमेकींत मिसळतात. त्यामुळे अनुभवी पॅथॉलॉजिस्ट निर्णय त्या एकट्या मार्करवर सोडत नाहीत, आणि ते बरोबरच आहे असं मला वाटतं.

हे मार्कर चालतात कसे, तेही पाहू. पेशीत एखादं प्रथिन आहे का, हे विचारायला त्या प्रथिनालाच चिकटणारी प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, कापावर सोडतात. चिकटलेल्या जागी रासायनिक क्रियेनं तपकिरी रंग उमटतो. या पद्धतीला इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री म्हणतात, लॅबच्या बोलीत आयएचसी. एकाच साच्यातली अँटिबॉडी हवी तेवढी तयार करण्याची युक्ती कोहलर आणि मिल्स्टीन यांनी १९७५ साली शोधली, आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. तरी फॉर्मॅलिननं प्रथिनं एकमेकांत इतकी जखडलेली असतात, की अँटिबॉडीला जागाच सापडत नाही. १९९१ साली शी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की काप गरम द्रावणात उकळले तर ती जखडण सैल होते. आपल्याकडच्या कितीतरी लॅबमध्ये या कामाला स्वयंपाकघरातला साधा प्रेशर कुकरच वापरतात. स्लाइडचा स्टँड सायट्रेटच्या द्रावणात ठेवायचा, झाकण लावायचं, शिट्ट्या मोजायच्या.

निदानासाठी हे रंग फार मोलाचे आहेत. एक नेहमीचा पेच घ्या. सत्तरीच्या पुरुषाला मूत्राशयाच्या तोंडाशी गाठ आहे. पेशी इतक्या बिघडलेल्या, की त्या मूत्राशयाच्या की खालून वर आलेल्या प्रोस्टेटच्या, ते साध्या रंगात सांगता येत नाही. उपचार मात्र दोन टोकांचे. प्रोस्टेटचा असेल तर हार्मोन रोखणारी औषधं, मूत्राशयाचा असेल तर ती निरुपयोगी. इथे गाटा-३ आणि पी६३ तपकिरी आले तर कौल मूत्राशयाकडे जातो. पीएसए आणि एनकेएक्स-३.१ आले तर प्रोस्टेटकडे. चार स्लाइडमध्ये निकाल लागतो. गाटा-३ स्तनाच्या कॅन्सरमध्येही येतो, त्यामुळे तो एकट्यानं काही सिद्ध करत नाही. पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच मार्कर जोडीजोडीनं मागवतात: एक होकार देणारा, एक नकार देणारा.

दुसरा पेच सपाट कॅन्सरचा, म्हणजे कार्सिनोमा इन सिटूचा. ही गाठ फुगत नाही, अस्तरातच पसरते. दुर्बिणीतून नुसती लालसर मखमल दिसते. संसर्गानं किंवा आधीच्या औषधानं सुजलेलं अस्तरही तसंच दिसतं. फरक करायला सीके-२० वापरतात. निरोगी अस्तरात हे प्रथिन फक्त सगळ्यात वरच्या छत्रीवजा पेशींत असतं. सपाट कॅन्सरमध्ये ते तळापासून वरपर्यंत उमटतं. जोडीला पी५३ गडद येतो आणि सीडी-४४ नाहीसा होतो. सुजलेल्या अस्तरात बरोबर उलटं: सीडी-४४ पूर्ण जाडीभर, सीके-२० फक्त वरच्या रेघेत. हे तीन काप शेजारीशेजारी ठेवून पाहिले, की साध्या स्लाइडवरचा संशय बहुतेकदा मिटतो.

आतापर्यंत आपण गाठीला 'तू कोण' हे विचारलं. 'पुढं काय करणार' हे विचारायला गेलो, की वाट बिकट होते. याचं सगळ्यात शिकवणारं उदाहरण पी५३ चं आहे.

पी५३ हे प्रथिन पेशीच्या बेबंद वाढीला आवर घालतं. त्याचं जनुक बिघडलं, की बिघडलेलं प्रथिन लवकर नष्ट होत नाही आणि केंद्रकात साचतं. तपकिरी रंगात ते लख्ख दिसतं: निळ्या पार्श्वभूमीवर एकामागून एक गडद केंद्रकं. १९९४ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये लॉस एंजेलिसच्या गटाचा अभ्यास छापून आला. मूत्राशय काढलेल्या २४३ रुग्णांमध्ये ज्यांच्या गाठीत पी५३ साचलेलं होतं, त्यांचा कॅन्सर उलटण्याचं आणि त्यांच्या मृत्यूचं प्रमाण बरंच जास्त होतं. सगळीकडे उत्साह पसरला. एका साध्या रंगानं भविष्य कळणार असेल, तर धोका असलेल्यांनाच केमोथेरपी द्यावी, बाकीच्यांचे हाल टाळावेत, हा विचार सरळ होता.

तो तपासायला मोठी चाचणी झाली. ४९९ रुग्णांच्या गाठी तपासल्या, २७२ जणांत पी५३ बदललेलं निघालं, आणि त्यांतल्या ११४ जणांना चिठ्ठ्या टाकल्यागत दोन गटांत वाटलं. एका गटाला केमोथेरपी, दुसऱ्याला नुसती देखरेख. २०११ साली निकाल छापला गेला. केमोथेरपीनं फरक पडला नाही, आणि मुख्य म्हणजे या रुग्णांत पी५३ वरून भविष्यही कळलं नाही. चाचणी मध्येच थांबवावी लागली होती.

का झालं असं? एक कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. त्या काळात दहा टक्के केंद्रकं तपकिरी झाली की 'बदललेलं' असं धरत. आज आपल्याला माहीत आहे, की जनुक पुरतं मोडलं तर प्रथिन तयारच होत नाही आणि स्लाइड पूर्ण कोरी दिसते. ती कोरी स्लाइड तेव्हा 'निरोगी' म्हणून मोजली जाई. शिवाय दहा टक्के ही रेघच मुळात ढोबळ. दोन लॅबमध्ये अँटिबॉडी वेगळी, उकळण्याची वेळ वेगळी, मोजणारे डोळे वेगळे. पेशी किती वेगानं विभागतात हे सांगणाऱ्या केआय-६७ या मार्करचंही असंच झालं. जर्मनीतल्या कील शहरात १९८३ साली तो जन्मला. त्याचा आकडा वाढला की धोका वाढतो, हे डझनावारी अभ्यासांत दिसलं. पण नेमक्या कुठल्या आकड्याला उपचार बदलायचा, यावर एकमत झालं नाही.

त्यामुळे युरोपच्या मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना वरवरच्या गाठींचा धोका ठरवते, तेव्हा त्यात वय, गाठींची संख्या, आकार, ग्रेड, स्टेज आणि सपाट कॅन्सर आहे की नाही, एवढंच धरते. एकही आयएचसी मार्कर त्या हिशेबात नाही. पुण्यातल्या एखाद्या रुग्णाला सात-आठ 'प्रोग्नॉस्टिक' मार्करची यादी आणि तिचं बिल हातात दिलं गेलं, तर एक प्रश्न जरूर विचारावा: 'यातल्या कुठल्या उत्तरानं माझा उपचार बदलणार आहे?' सरळ उत्तर मिळालं नाही, तर पैसे राखून ठेवावेत. सीटी स्कॅन आणि पुढच्या दुर्बिणीच्या तपासण्या चुकवून मार्कर करणं तर पूर्ण उलटं आहे.

सरळ उत्तर मिळतं अशा चाचण्या मात्र गेल्या काही वर्षांत खरोखर आल्या आहेत. एफजीएफआर-३ हे पेशीला वाढीचा हुकूम देणारं जनुक. १९९९ साली फ्रेंच संशोधकांना मूत्राशयाच्या कॅन्सरमध्ये त्यातला बदल सापडला. गंमत अशी, की हा बदल वरवरच्या, सौम्य गाठींत सर्वाधिक आढळतो. खोल गेलेल्या गाठींत तो साधारण पाचातल्या एकीत असतो. पसरलेल्या आजारात तो सापडला, तर त्याला नेमकं अडवणारं एर्डाफिटिनिब हे औषध देता येतं. अमेरिकेत त्याला २०१९ साली मान्यता मिळाली. २०२३ साली छापलेल्या चाचणीत केमोथेरपी घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ७.८ महिने होतं, या औषधावर १२.१. हा बदल तपकिरी रंगात भरवशानं दिसत नाही. त्यासाठी त्याच ब्लॉकमधून जनुकीय द्रव्य काढून तपासावं लागतं. हर-२ ची गोष्टही अशीच. स्तनाच्या कॅन्सरमुळे हे नाव परिचित आहे. मूत्राशयाच्या काही गाठींतही हे प्रथिन दाट असतं. रंग सर्वांत गडद, म्हणजे ३+, आला आणि इतर उपचार थकले, तर ट्रास्टुझुमॅब डेरक्सटेकान देण्याला अमेरिकेनं २०२४ साली परवानगी दिली.

पीडी-एल१ या मार्करनं मात्र डॉक्टरांना बराच घाम फोडला. प्रतिकारशक्ती जागवणारी औषधं कुणाला लागू पडतील, हे त्यानं सांगावं अशी अपेक्षा होती. प्रत्येक कंपनीच्या औषधाबरोबर वेगळी अँटिबॉडी आणि मोजणीची वेगळी रीत आली. एकाच रुग्णाचा ब्लॉक एका रीतीनं 'पॉझिटिव्ह', दुसरीनं 'निगेटिव्ह' निघू लागला. पुढं २०२३ साली एन्फोर्टुमॅब व्हेडोटिन आणि पेम्ब्रोलिझुमॅब या जोडीचे निकाल आले. पसरलेल्या आजारात मध्यम आयुर्मान १६.१ महिन्यांवरून ३१.५ वर गेलं. या जोडीला कुठल्याही मार्करची अट नाही. एन्फोर्टुमॅब ज्या नेक्टिन-४ प्रथिनाला पकडतं, ते या कॅन्सरच्या बहुतेक गाठींवर असतंच. पण ही औषधं इतकी महाग आहेत, की आपल्याकडच्या फार थोड्या घरांना ती परवडतात. म्हणून एखाद्या ब्लॉकमध्ये दुसरी वाट दाखवणारा बदल आहे का, हे पाहण्याला इथं आणखी वजन येतं.

इथे ब्लॉकच्या काटकसरीचा मुद्दा येतो. प्रत्येक रंगाला एक काप खर्ची पडतो, जनुकीय तपासणीला अनेक. चिप्स मुळात इवल्याशा, त्यात जळालेल्या कडा. पाच-सहा बिनकामाचे मार्कर करून झाल्यावर एफजीएफआर-३ साठी गाठच उरली नाही, असं होऊ शकतं. चांगले पॅथॉलॉजिस्ट म्हणूनच आधी कर्करोगतज्ज्ञाशी बोलतात आणि मग सुरी लावतात.

पुण्याचा या आजाराशी आणखी एक जवळचा संबंध आहे, तो हडपसरचा. वरवरच्या पण धोकादायक गाठींवरचा मुख्य उपचार म्हणजे बीसीजी, क्षयरोगाचीच लस. ती टोचत नाहीत, नळीनं थेट मूत्राशयात सोडतात आणि साधारण दोन तास आत ठेवतात. कॅनडातल्या अल्वारो मोरालेस यांनी १९७६ साली नऊ रुग्णांवरचा अनुभव छापला, तेव्हापासून ही वाट रुळली. पाश्चात्त्य देशांत बीसीजीचा तुटवडा गेली दहा-बारा वर्षं डोकं वर काढतो आहे. हडपसरची सीरम इन्स्टिट्यूट मूत्राशयासाठीची ओन्को-बीसीजी बनवते. जनुकीय बदल करून घडवलेली व्हीपीएम-१००२ ही नवी बीसीजी मूळची जर्मनीतली. तीही सीरमनं हाती घेतली. जुनी बीसीजी लागू न पडलेल्या रुग्णांवर ती स्वित्झर्लंड-जर्मनीत तपासली गेली, आणि वर्षभरानंतर सुमारे निम्म्यांच्या मूत्राशयात कॅन्सर परतलेला नव्हता.

पण बीसीजी कुणाला लागू पडेल, हे उपचाराआधी सांगणारा मार्कर अजून कुणाच्याच हातात नाही. तीस-चाळीस टक्के रुग्णांत ती अपुरी पडते, आणि तेवढे महिने वाट पाहताना गाठ स्नायूत शिरू शकते. पी५३, केआय-६७, गाठीभोवती जमलेल्या रोगप्रतिकारक पेशी, सगळं तपासून झालं. कशानंही ठामपणे सांगता आलं नाही. २०२३ साली रॉटरडॅमच्या गटानं जनुकांच्या हालचालीवरून वरवरच्या पण धोकादायक गाठींचे तीन प्रकार पाडले आणि त्यांतल्या एकाला बीसीजी कमी मानवते असं दाखवलं. मला यात खरी आशा दिसते. लस पुण्यात बनते, रुग्ण पुण्यात आहेत. ससूनसारख्या जुन्या सरकारी हॉस्पिटलात, सशस्त्र दलांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आणि खासगी हॉस्पिटलांत त्यांच्या गाठींचे ब्लॉक वर्षानुवर्षं रांगेनं मांडलेले आहेत. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र विद्यापीठाच्या आवारातच आहे. भारतीय माणसाला बालपणीच बीसीजी टोचलेली असते आणि क्षयाच्या जंतूशी त्याची आयुष्यभर गाठ पडत राहते. त्याच्या मूत्राशयात ही लस युरोपातल्या माणसापेक्षा वेगळी वागते का, हा प्रश्न रॉटरडॅममध्ये सुटणार नाही. तो इथल्याच ब्लॉकना विचारावा लागेल.

तोवर कसोटी एकच आहे. आठवड्याला एक याप्रमाणे सहा मात्रा झाल्या, की तिसऱ्या महिन्यात पुन्हा दुर्बीण घालून आत पाहायचं, लघवीतल्या पेशी तपासायच्या, आणि सपाट कॅन्सर असेल तर निकाल लावायला सहाव्या महिन्यापर्यंत थांबायचं.